संस्थेच्या गरजेनुसार व्यवसायाचे सॉफ्टवेअर बदलून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील हॉटेले, सहकारी संस्था, काजू कारखाने, औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योग आणि लेखापालांची कार्यालये यांना हिशेबाचे किंवा ईआरपीचे (खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारे) पॅकेज घेताना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे कोणत्याही एका पॅकेजची शिफारस करण्यासाठी लिहिलेली नाहीत. पॅकेज विकत घेण्याआधी आणि त्यात बदल सांगण्याआधी संस्थेने स्वतः काय ठरवायला हवे, यावर त्यांचा भर आहे.

प्रश्न : तयार सॉफ्टवेअर आपल्या गरजेनुसार बदलून घेणे म्हणजे नेमके काय?

या एकाच नावाखाली तीन वेगळ्या प्रकारची कामे येतात आणि दरपत्रक मागवण्याआधी ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. पहिले काम सेटिंगचे आहे. बिलक्रमांकांची मालिका, कोणत्या कर्मचाऱ्याला कोणती नोंद दिसावी, किती रकमेच्या खरेदीला व्यवस्थापकाची मंजुरी लागावी, या गोष्टी पॅकेजने दिलेल्या पर्यायांतूनच ठरतात आणि पुढची आवृत्ती आली तरी सहसा टिकतात. दुसरे काम जोडणीचे असते. त्यात मूळ प्रोग्रामला हात न लावता त्याच्या शेजारी स्वतंत्र मॉड्यूल, अहवाल किंवा नोंदीचा पडदा तयार केला जातो. तिसऱ्या प्रकारात मूळ प्रोग्रामच बदलला जातो. तो सर्वांत जोखमीचा आहे, कारण त्यानंतर पॅकेज बनवणाऱ्या कंपनीने दिलेली प्रत्येक सुधारणा आपल्या बदलाशी जुळते की नाही, हे दर वेळी तपासावे लागते. विक्रेत्याच्या दरपत्रकात या तिन्हींसाठी ‘कस्टमायझेशन’ हा एकच शब्द आणि एकच रक्कम असेल, तर ती फोड करून मागावी.

प्रश्न : बदल खरोखर हवा आहे की नाही, हे कसे ठरवावे?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. सभासदांकडून नारळ, सुपारी आणि काजू घेणारी, तसेच त्याच सभासदांना खत आणि किराणा उधारीवर देणारी एखादी बागायतदार सहकारी संस्था डोळ्यांपुढे आणावी. संस्थेचा लेखनिक पहिली मागणी अशी करतो : सभासद आमच्याकडे माल विकतोही आणि आमच्याकडून माल नेतोही, पण पॅकेजमध्ये पुरवठादार वेगळा आणि ग्राहक वेगळा आहे, तेव्हा दोन्ही खाती एक करून द्या. मागणी अगदी रास्त आहे, मात्र तिच्यासाठी प्रोग्राम लिहिण्याची बहुधा गरज नसते. टॅलीमध्ये एकच खाते खरेदी आणि विक्री या दोन्ही नोंदींत वापरता येते. ओडू या ईआरपी पॅकेजमध्ये एकच व्यक्ती ग्राहक आणि पुरवठादार असू शकते. ईआरपीनेक्स्ट या तशाच पॅकेजमध्ये दोन्ही बाजू एकमेकींना जोडण्याची सोय आहे. ज्याला आपण उणीव समजतो ती अनेकदा न वापरलेली सोय निघते. म्हणून बदलाचा आदेश देण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारावा : हे काम पॅकेजमध्ये आज जसे आहे त्याच स्थितीत कोणत्या मार्गाने होऊ शकते?

त्याच संस्थेची दुसरी मागणी वेगळ्या जातीची आहे. सुपारी आली त्या दिवशी तिचे वजन होते आणि सभासदाला काही रक्कम उचल म्हणून दिली जाते. प्रतवारी नंतर होते, आणि अंतिम दर ठरल्यावर उचल वजा करून बाकी रक्कम त्याच्या खात्यावर जमा होते. एकाच पोत्यातून तीन प्रती निघाल्या तर दरही तीन लागतात. सर्वसाधारण पॅकेजची खरेदीची नोंद मात्र माल, दर आणि रक्कम एकाच वेळी माहीत असल्याचे गृहीत धरते. अशा संस्थेने पॅकेजसाठी आपली रीत बदलली तर सभासदाला हंगामात हातखर्चाला पैसे मिळणार नाहीत, किंवा लेखनिक अंदाजी दर टाकून नंतर खोडत बसेल. येथे जोडणी करून घेणे आवश्यक आहे आणि तिच्यावर केलेला खर्च योग्य आहे.

तिसरी मागणी असते ती जुन्या छापील पावतीपुस्तकासारखीच दिसणारी पावती पडद्यावर हवी ही. ती मी नेहमी बाजूला ठेवायला सांगतो. सभासदाला वजन, दर, वजावट आणि बाकी स्पष्ट दिसली की पावतीचे काम झाले.

प्रत्येक मागणीला तीन कसोट्या लावाव्यात. ती कायद्यातून आली आहे का, ती पूर्ण न केल्यास ग्राहकाचे किंवा सभासदाचे प्रत्यक्ष नुकसान होते का, आणि ती आपल्या धंद्याचे वेगळेपण जपते का. यांपैकी एकही लागू होत नसेल तर सॉफ्टवेअर तसेच ठेवून कार्यालयाची सवय बदलणे स्वस्त पडते. मोठ्या कंपन्यांनाही हा निर्णय जड जातो. लिडल या जर्मन किराणा साखळीने २०११ मध्ये सॅप या कंपनीच्या ईआरपी पॅकेजवर आधारित नवी व्यवस्था उभारायला घेतली आणि २०१८ मध्ये ती सोडून दिली. वृत्तांनुसार त्यावर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाले होते. पॅकेज मालसाठ्याचे मूल्य विक्रीच्या किमतीवर धरत होते, कंपनीला ते खरेदीच्या किमतीवरच हवे होते, आणि त्यासाठी कराव्या लागलेल्या फेरफारांचा उल्लेख अपयशाच्या कारणांत ठळकपणे झाला.

प्रश्न : गोव्यातील व्यवसायांना तयार पॅकेज कोठे अपुरे पडते?

काजूपासून सुरुवात करू. शेतकऱ्याकडून न सोललेली काजूबी घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदारावर रिव्हर्स चार्जने जीएसटी भरण्याची जबाबदारी येते. कर शेतकरी भरत नाही, कारखानदार भरतो, आणि त्यासाठी त्याला स्वतःच्याच नावे बीजक तयार करावे लागते. हंगामात रोज अनेक लहान शेतकरी थोडीथोडी बी घेऊन येतात. प्रत्येक वजनपावतीवरून हे बीजक आपोआप तयार होत नसेल, तर महिनाअखेरीस लेखापालाला सगळ्या पावत्या पुन्हा चाळाव्या लागतात. रिव्हर्स चार्जची सोय बहुतेक भारतीय पॅकेजांत आहे. जोडून घ्यायचे असते ते वजनकाट्यापासून त्या नोंदीपर्यंतचे अंतर.

हॉटेलांची अडचण दरांशी निगडित आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर खोलीमागे दर दिवशी ७,५०० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर इनपुट टॅक्स क्रेडिटविना (म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळता) ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी खालचा दर १२ टक्के होता. गोव्यात एकच खोली पावसाळ्यात चार हजारांना जाते आणि नाताळ ते नववर्ष या काळात दहा हजारांना. त्यामुळे करदर खोलीच्या प्रकाराला चिकटवून ठेवला की बिल चुकते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उतरलेल्या पाहुण्याच्या एकाच मुक्कामात काही रात्री ७,५०० च्या वर आणि काही खाली असू शकतात, म्हणून दर प्रत्येक रात्रीच्या प्रत्यक्ष भाड्यावरून ठरला पाहिजे. शिवाय क्रेडिट मिळणारी आणि न मिळणारी विक्री वेगळी दिसली नाही, तर सामाईक खर्चावरील क्रेडिटची विभागणी करता येत नाही. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर द्यावी लागते. स्वागतकक्षात एकदा टंकलेली पारपत्राची माहिती त्याच नमुन्यात बाहेर काढता आली, तर रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याचे दुहेरी काम वाचते.

तिसरी बाब करसल्लागारांच्या परिचयाची आहे. गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ज्या पती-पत्नींना समाईक मालमत्तेची पद्धत लागू आहे, त्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न आयकरासाठी दोघांत समान वाटले जाते. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम ५अ म्हणून आली. धंद्याचे खाते आणि जीएसटी नोंदणी एकाच्या नावावर, पण नफा दोघांच्या विवरणपत्रांत निम्मा-निम्मा, अशी ही रचना आहे. परराज्यातील विक्रेत्याला ती बहुधा माहीत नसते आणि तो मोठा बदल सुचवतो. प्रत्यक्षात दैनंदिन हिशेबात काहीच बदलावे लागत नाही. वर्षअखेरीस उत्पन्नाची आणि कापलेल्या टीडीएसची विभागणी दाखवणारा एक अहवाल पुरतो.

गावांची नावे ही लहान वाटणारी पण रोज छळणारी बाब आहे. डिचोली, केपे, साखळी किंवा काणकोण ही नावे रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने लिहिली जातात, आडनावांचीही दोन-तीन रूपे रूढ आहेत, आणि एकाच ग्राहकाची तीन खाती तयार होतात. गावांची आणि तालुक्यांची ठरावीक यादी देऊन त्यातूनच निवड करायला लावणे, आणि भ्रमणध्वनी क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर इशारा देणे, एवढी सेटिंग पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

प्रश्न : कायद्यामुळे कोणते बदल करताच येत नाहीत?

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांनी १ एप्रिल २०२३ पासून फक्त असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरायचे आहे, ज्यात प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. ‘जुनी नोंद गुपचूप दुरुस्त करण्याची सोय द्या’ अशी मागणी कंपनीच्या संचालकाकडून आली, तरी ती पूर्ण करता येणार नाही. इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणेही कंपन्यांना बंधनकारक आहे. म्हणून क्लाउडवरील (इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर चालणारे) पॅकेज घेताना सर्व्हर कोठे आहे हे करारात लिहून घ्यावे.

जीएसटीच्या बीजकाचा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. शाखेचे नाव, वर्ष, महिना आणि विभाग हे सगळे क्रमांकात बसवण्याचा आग्रह या मर्यादेवर अडतो. शाखेला दोन अक्षरांचे लघुरूप द्यावे आणि बाकीची माहिती वेगळ्या रकान्यात ठेवावी. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या पुढे गेली आहे, त्यांना नोंदणीकृत ग्राहकांसाठी ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बीजक) काढावे लागते. त्यामुळे बिलाचा नमुना बदलताना त्यावरील क्यूआर कोडची जागा राखावी.

प्रश्न : करांचे दर बदलले की दर वेळी प्रोग्रामरला बोलवावे लागेल का?

लागत असेल तर काम चुकीच्या रीतीने झाले आहे. दर, मर्यादा आणि ते लागू होण्याची तारीख हे तिन्ही तक्त्यात असावेत आणि ते लेखापालाला स्वतः बदलता यावेत. प्रोग्राममध्ये ‘१२’ हा आकडा थेट लिहून ठेवणाऱ्यांची २०२५ च्या सप्टेंबरात धावपळ झाली असणार. लागू तारीख महत्त्वाची, कारण दर बदलण्याआधी घेतलेले आरक्षण आणि आगाऊ रक्कम यांवर कोणता दर लागेल, हे सेवा, बीजक आणि पैसे मिळण्याच्या तारखांवरून ठरते. त्यामुळे जुना दर पुसून चालत नाही.

प्रश्न : कोणते पॅकेज बदलायला सोपे आहे?

टॅलीचा मूळ प्रोग्राम बंद आहे, पण टीडीएल या तिच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेली जोड वेगळ्या फाइलमधून चालवता येते. गोव्यात टॅली जाणणारे लेखनिक सहज मिळतात, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईतील फ्रॅपे कंपनीचे मुक्तस्रोत, म्हणजे मूळ प्रोग्राम सर्वांना खुला असलेले, पॅकेज जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळते आणि त्यात स्वतंत्र ॲप लिहून बदल करण्याची पद्धत रुळलेली आहे. ओडूची सामुदायिक आवृत्ती मुक्त आहे, तर व्यावसायिक आवृत्तीला शुल्क आहे. तिची नवी मुख्य आवृत्ती दरवर्षी येते, त्यामुळे जितके बदल जास्त तितके स्थलांतर जड होते. सॅप मोठ्या कारखान्यांसाठी आहे. सॅपने आपल्या जुन्या ईसीसी पॅकेजची मुख्य देखभाल २०२७ च्या अखेरीस थांबवण्याचे जाहीर केले आहे आणि नव्या पॅकेजात मूळ गाभा स्वच्छ ठेवून बदल बाहेर करण्याचा आग्रह ती कंपनीच धरते आहे. वीस-तीस कर्मचाऱ्यांच्या संस्थेने पॅकेजचे नाव पाहण्यापेक्षा ते सांभाळणारा माणूस पणजी, मडगाव किंवा फोंड्याहून तासाभरात पोहोचू शकतो का, हे आधी पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आम्ही पैसे देऊन लिहून घेतलेल्या प्रोग्रामचे मालक आम्हीच ना?

तसे गृहीत धरू नये. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, उलट करार नसल्यास, नोकरी देणाऱ्या संस्थेचा असतो. बाहेरच्या विक्रेत्याने किंवा स्वतंत्र प्रोग्रामरने लिहिलेल्या कामाचे हक्क मात्र केवळ बिल चुकते केल्याने संस्थेकडे येत नाहीत. त्यासाठी लेखी आणि सही केलेले हस्तांतरण लागते. या हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच मानतो. म्हणून करारात हक्कांचे हस्तांतरण, मुदत, प्रदेश आणि सोर्स कोड (प्रोग्रामची मूळ लिखित संहिता) कोणत्या तारखेला संस्थेच्या ताब्यात येईल, या चारही गोष्टी स्पष्ट असाव्यात. जीपीएल परवान्याच्या पॅकेजवर स्वतःच्या वापरासाठी केलेला बदल जाहीर करण्याची सक्ती नसते. तोच बदल दुसऱ्या संस्थेला दिला तर तो सोर्स कोडसह आणि त्याच अटींवर द्यावा लागतो.

विक्रेता सर्व हक्क द्यायला तयार नसेल, कारण तोच मॉड्यूल त्याला इतरांना विकायचा असतो, तर ते समजण्यासारखे आहे. अशा वेळी कायमस्वरूपी वापराचा आणि दुसऱ्या प्रोग्रामरकडून दुरुस्ती करून घेण्याचा हक्क तरी मागावा.

प्रश्न : खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

लिहून घेण्याच्या खर्चाशेजारी आणखी दोन रकाने ठेवावेत : दरवर्षीच्या देखभाल कराराची रक्कम, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी बदल पुन्हा जुळवण्याची रक्कम. पाच वर्षांची बेरीज केली की अनेक ‘स्वस्त’ मागण्या आपोआप गळतात.

प्रश्न : आमच्या बाजूने हे काम कोणी पाहावे?

दररोज त्या नोंदी करणाऱ्या व्यक्तीने. संचालक आणि विक्रेता यांच्यातच चर्चा झाली, तर गोदामात वजन करणाऱ्याला माहीत असलेले अपवाद कागदावर येत नाहीत : भिजलेल्या मालाची वजावट, एकाच्या नावाने दुसऱ्याने आणलेले पोते, काटा बंद पडलेल्या दिवसाची हातपावती. अशा व्यक्तीला बदलाच्या काळात तिच्या नेहमीच्या कामातून काही तास मोकळे करावे आणि तिचा होकार घेतल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचे पत्र विक्रेत्याला देऊ नये.

प्रश्न : जुनी मराठी माहिती नव्या पॅकेजमध्ये नीट येत नाही. का?

ती युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय पद्धत रुळण्याआधीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली असते. पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकात रोमन अक्षरेच साठवलेली असतात, त्यामुळे शोध आणि वर्णानुक्रम दोन्ही फसतात. रूपांतर करणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत, तरीही पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात. सभासदांची यादी रूपांतरानंतर माणसाने वाचलीच पाहिजे. निवडणुकीच्या मतदारयादीत किंवा लाभांशाच्या पत्रात चुकलेले नाव कोणालाच आवडत नाही. कोंकणीतील नावेही याच देवनागरी युनिकोडमध्ये बसत असल्याने वेगळी सोय लागत नाही.

प्रश्न : चाचणी कशी घ्यावी आणि नवी व्यवस्था केव्हा सुरू करावी?

विक्रेत्याने दाखवलेल्या नमुन्याच्या माहितीवर समाधान मानू नये. मागच्या वर्षीचा सर्वांत गर्दीचा एक पूर्ण महिना घ्यावा, हॉटेलांनी डिसेंबर आणि काजू कारखान्यांनी एप्रिल, आणि त्या महिन्याच्या सर्व नोंदी नव्या व्यवस्थेत करून पाहाव्यात. भरलेले जीएसटी विवरणपत्र आणि नव्या व्यवस्थेतून आलेली बेरीज रुपयापर्यंत जुळली पाहिजे. जुळली नाही तर फरकाचे कारण लेखी मिळेपर्यंत पुढे जाऊ नये.

हिशेबाच्या दृष्टीने १ एप्रिल सोयीचा दिवस आहे, पण काजू खरेदीचा तो ऐन हंगाम आहे. अशा कारखान्याने जुलैमध्ये आरंभीच्या शिलकी टाकून सुरुवात करणे बरे. मात्र वर्षाच्या मध्ये बदल करताना बिलांची नवी मालिका वेगळ्या अक्षराने सुरू करावी, नाहीतर क्रमांक पुन्हा येण्याचा धोका असतो. हॉटेलांनी ऑक्टोबरपूर्वी काम संपवावे. चवथीच्या आठवड्यात कोणीही सुरुवात करू नये, कारण अडचण आली तर ना कर्मचारी जागेवर असतात, ना प्रोग्रामर.

प्रश्न : पावसात वीज आणि इंटरनेट जाते. क्लाउडवरील पॅकेज घ्यावे का?

घ्यावे, पण बिल आणि वजनपावती काढण्याचे काम इंटरनेटची जोडणी तुटली तरी चालू राहील आणि नंतर नोंदी आपोआप वर जातील, अशी अट घालावी. सत्तरी किंवा सांगे भागातील खरेदी केंद्रांसाठी ही अट सोडूच नये. दोन केंद्रांवर एकाच वेळी जोडणी तुटली तर बिलक्रमांक एकमेकांवर येऊ नयेत, म्हणून प्रत्येक केंद्राला स्वतंत्र मालिका द्यावी. हे प्रात्यक्षिक विक्रेत्याकडून तार काढून समोर करून घ्यावे.

प्रश्न : आमच्या पॅकेजमध्ये आधीच इतके बदल झाले आहेत की नवी आवृत्ती घेता येत नाही. आता काय करावे?

प्रथम सर्व बदलांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे तो कोणी, केव्हा आणि कशासाठी मागितला हे लिहावे. ज्यांची माहिती कोणालाच नाही त्या अहवालांची आणि पडद्यांची मागच्या वर्षभरातील वापराची नोंद पाहावी. जे कोणी उघडलेलेच नाहीत ते नव्या आवृत्तीत नेऊ नयेत. उरलेल्यांपैकी किती गोष्टी आता मूळ पॅकेजमध्येच आल्या आहेत हे तपासावे, कारण जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झाला तेव्हा घाईने लिहून घेतलेल्या अनेक जोडण्यांचे काम आजची पॅकेजे स्वतःच करतात. यानंतर जे शिल्लक राहील तेवढेच स्वतंत्र मॉड्यूल म्हणून नव्याने लिहून घ्यावे आणि जुनी व्यवस्था केवळ वाचण्यापुरती चालू ठेवावी. कंपन्यांना हिशेबाची पुस्तके किमान आठ वर्षे जपावी लागतात, तेव्हा जुन्या सर्व्हरचे लायसन्स रद्द करण्याआधी त्यातील माहिती उघडता येईल अशा स्वरूपात बाहेर काढून ठेवावी.